'फेफरं' कुठे शोधायचं?

दोन वर्षांपूर्वी एका इस्पितळाच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधाची सोय करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. काम वरवर सोपं होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव टाइप करायचं आणि तो आजार असलेल्या सगळ्या पेशंटांची डिस्चार्ज कार्डं समोर यायची. चाचणीसाठी तिथल्या न्यूरॉलॉजीच्या मॅडमनी 'एपिलेप्सी' हा शब्द दिला. मी तो टाकला, एंटर दाबलं. मोजकीच कार्डं आली.

मॅडम म्हणाल्या, "अहो, एवढे तर मी महिन्याभरात बघते."

मग मी कार्डं एकेक उघडून वाचायला घेतली. कुणी 'सीझर डिसऑर्डर' लिहिलं होतं, कुणी नुसतं 'एसडी'. कुणी 'फिट्स', कुणी 'कन्व्हल्शन्स', कुणी 'जीटीसीएस'. 'पेशंटची तक्रार' या रकान्यात रिसेप्शनवरच्या मुलीने पेशंट जे बोलला ते तसंच मराठीत उतरवलं होतं. आकडी येते. मिरगी आहे. फेफरं.

फेफरं हा शब्द वाचला आणि मला आत्या आठवली. तिला लहानपणापासून फिट्स येतात. गावाकडे फेफरं आलं की कुणी चप्पल हुंगवायला धावायचं, कुणी कांदा फोडायचं. यातल्या कशाचाच उपयोग नसतो, तिला कुशीवर वळवून शांत पडू द्यायचं असतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तिच्या लग्नाच्या बोलणीत घरचे फक्त "कधी कधी चक्कर येते" एवढंच म्हणायचे. पुढे शहरात उपचार सुरू झाले तेव्हा तिच्या कागदांवर 'एसडी' आलं. एका बाईच्या एका आजाराला चार नावं. माझ्या शोधखिडकीत तिचं कार्ड असतं, तर तेही सापडलं नसतं.

चूक माझ्या कोडमध्ये नव्हती. शब्द जसाच्या तसा जुळला तर दाखव, एवढंच मी मशीनला सांगितलं होतं आणि ते तेवढंच करत होतं. शब्द वेगळे असले तरी गोष्ट एकच आहे, हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं. हे ठरवण्याचं काम माणसं दीडशेहून जास्त वर्षं करत आली आहेत. या कामाचा इतिहास वाचायला घेतला तर तो सुरू होतो एका विद्यार्थ्यापासून, आणि त्या विद्यार्थ्याचा विषय होता एपिलेप्सी.

सहा महिने आणि हजार पुस्तकं

जॉन शॉ बिलिंग्ज १८६० साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात डॉक्टर झाला. पदवीसाठी प्रबंध लिहावा लागे. त्याने विषय घेतला एपिलेप्सीवरच्या शस्त्रक्रियांचा. अशा शस्त्रक्रिया झाल्यावर किती जण बरे झाले आणि किती दगावले, याचे आकडे त्याला मूळ लिखाणातून हवे होते.

शहरातली सगळी सार्वजनिक आणि खासगी ग्रंथालयं त्याने पालथी घातली. जे तिथे नव्हतं त्यासाठी फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कपर्यंत शोध घेतला. सहा महिने यात गेले. पुढे म्हातारपणी त्याने ही आठवण सांगितली आहे. हजार पुस्तकांत एका विषयाची माहिती शोधायची तर प्रचंड वेळ आणि श्रम लागतात. पुस्तकांच्या मागे दिलेल्या सूचींवर भरवसा ठेवता येत नाही. आणि असं काम नीट करता येईल असं एकही ग्रंथालय देशात नाही, हे त्याला तेव्हा उमगलं.

लगेच यादवी युद्ध सुरू झालं आणि बिलिंग्ज लष्करात सर्जन झाला. युद्ध संपल्यावर, १८६५ साली, वॉशिंग्टनमधल्या सर्जन जनरलच्या कचेरीतलं ग्रंथालय त्याच्याकडे सोपवण्यात आलं. तेव्हा त्यात दोन हजारांच्या आसपास पुस्तकं होती. लष्करी इस्पितळांच्या निधीत काही पैसे उरले होते, ते पुस्तकखरेदीसाठी मिळाले. जागा मिळाली ती फोर्ड्स थिएटरची. याच नाटकगृहात एप्रिल १८६५ मध्ये अब्राहम लिंकनवर गोळी झाडली गेली होती. त्यानंतर तिथले खेळ बंद झाले आणि सरकारने ती इमारत घेतली. सुमारे वीस वर्षं, १८८७ पर्यंत, जगातलं वैद्यकीय लिखाण तिथे येऊन साठत राहिलं. बिलिंग्जने हे ग्रंथालय सोडलं तेव्हा पुस्तकांची संख्या एक लाखाच्या वर गेली होती.

पण पुस्तकं गोळा करून त्याचा जुना प्रश्न सुटणार नव्हता. म्हणून त्याने नियतकालिकांतला लेख न् लेख विषयवार नोंदवायला सुरुवात केली. कोणता लेख घ्यायचा यावर तो खूण करी, कारकून त्याची नोंद कार्डावर उतरवत आणि कार्डं वर्णानुक्रमे लावली जात. १८८० साली या कार्डांतून ग्रंथालयाच्या सूचीचा पहिला खंड छापला गेला. पहिली मालिका संपायला १८९५ साल उजाडलं आणि तिचे १६ खंड झाले. छापील खंड निघेपर्यंत तो जुना होणार हे उघड होतं. म्हणून १८७९ पासून बिलिंग्ज आणि त्याचा सहकारी रॉबर्ट फ्लेचर यांनी 'इंडेक्स मेडिकस' हे मासिकही सुरू केलं. त्यात लेख नसायचे. जगभरात नवीन काय छापून आलं, त्याची विषयवार यादी असायची.

माझ्या पेशातल्या वाचकांसाठी एक जोड. अमेरिकेच्या जनगणनेतल्या जन्ममृत्यूच्या आकड्यांचं कामही बिलिंग्जकडे होतं. ही मोजणी करायला यंत्र असायला हवं, असं त्याने कचेरीतल्या हर्मन हॉलरिथ नावाच्या तरुण इंजिनिअरला सुचवलं. हॉलरिथने भोकं पाडलेल्या कार्डांचं यंत्र बनवलं आणि १८९० च्या जनगणनेत ते वापरलं गेलं. त्याची कंपनी पुढे इतर कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ मध्ये तिचं नाव आयबीएम झालं.

वजनमापांइतकंच गरजेचं

सूची करायची म्हणजे आधी नावं ठरवायची. यातली अडचण बिलिंग्जच्याही आधी इंग्लंडच्या विल्यम फारने नेमकी पकडली होती. फार तिथल्या जन्ममृत्यू नोंदणी कचेरीत आकडेवारीचं काम बघायचा. १८३९ च्या पहिल्याच अहवालात त्याने तक्रार केली की एकेका रोगाला तीन-तीन चार-चार नावं आहेत, आणि एकेक नाव तितक्याच वेगवेगळ्या रोगांना दिलं जातं. भौतिकशास्त्रात वजनमापांना जे महत्त्व आहे, ते आकडेवारीत रोगांच्या नावांना आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

म्हणजे घोटाळा दोन्ही बाजूंनी आहे. आपल्याकडचंच बघा. छातीचा क्षय वेगळा आणि मानेवरची गंडमाळ वेगळी, असं लोक शतकानुशतकं मानत आले. युरोपातही दोन्हींना वेगळी नावं होती. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला आणि दोन्हींच्या मागे बहुधा तोच असतो हे हळूहळू स्पष्ट झालं. दोन नावांखालची कार्डं आता एकमेकांशी जोडायला हवी होती. उलट 'ताप' हे एक नाव, पण त्याखाली हिवताप, विषमज्वर आणि आणखी कितीतरी आजार एकत्र पडलेले. तिथे एका गठ्ठ्याचे अनेक गठ्ठे करायला हवे होते. सूची करणारा माणूस डॉक्टरांनी लावलेल्या शोधांच्या मागे मागे असा धावत असतो.

याचं एक उदाहरण आपल्या मुंबईचं आहे. हेन्री व्हॅनडाइक कार्टर हा ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचा. 'ग्रेज अ‍ॅनाटमी' या जगप्रसिद्ध पुस्तकातली मूळ चित्रं त्याचीच. भारतात पाय सुजून त्यातून दाणेदार पू येण्याचा एक रोग होता. अनवाणी शेतात राबणाऱ्यांना तो जास्त व्हायचा आणि मदुराई शहरावरून त्याला 'मदुरा फूट' म्हणत. गावाच्या नावाने रोगाबद्दल काही कळत नाही. कार्टरने १८६० च्या सुमारास त्यात बुरशी ओळखली आणि रोगाला 'मायसेटोमा' म्हणजे बुरशीची गाठ असं नाव दिलं. पुढे उलगडलं की सगळ्या पेशंटांत बुरशी नसते, कित्येकांत जिवाणू असतात. दोन्हींवरची औषधं वेगळी. तोवर नाव मात्र रुळलं होतं. आज वैद्यकीय सूचीत 'मायसेटोमा' याच नावाखाली हा रोग आहे आणि व्याख्येत सांगावं लागतं की हा बुरशीने होतो किंवा विशिष्ट जिवाणूंनी होतो. नाव अर्धवट बरोबर आहे, म्हणून व्याख्या पुरी लिहावी लागली.

मेश

बिलिंग्जचं ग्रंथालय १९५६ साली कायद्याने अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय झालं. तिथे फ्रँक रॉजर्स हे संचालक होते. लेखांच्या सूचीसाठी आणि पुस्तकांच्या तालिकेसाठी शब्दांची एकच यादी हवी, असा त्यांचा आग्रह होता. १९६० साली ती यादी निघाली. नाव 'मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज', बोलताना 'मेश'. पहिल्या आवृत्तीत सुमारे ४,४०० विषयशीर्षकं होती. आज तीस हजारांच्या वर आहेत, आणि ही यादी दर वर्षी सुधारली जाते.

मेश म्हणजे नुसता शब्दकोश नाही. शब्दकोश एका शब्दाचे सगळे अर्थ देतो. मेश एका अर्थासाठी एक शब्द नेमते आणि बाकीच्यांना त्याच्या दाराशी आणून सोडते. तुम्ही 'हार्ट अटॅक' टाका, ती तुम्हाला 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'कडे नेते. प्रत्येक शीर्षकाखाली छोटी टीप असते. या शब्दात काय धरायचं आणि तो कसा वापरायचा, हे त्यात सांगितलेलं असतं. इंग्रजीत 'कोल्ड' म्हणजे सर्दी की थंड हवा? मेशमध्ये दोन वेगळी शीर्षकं आहेत. आपण मराठीत 'थंडी वाजते' आणि 'सर्दी झाली' असं म्हणतो म्हणून बचावलो. पण 'गरम पडतं' याचं काय करायचं ते मेशलाही विचारून बघा.

या शीर्षकांची झाडासारखी मांडणी आहे. वर मोठा वर्ग, खाली त्याच्या फांद्या. न्यूमोनिया फुप्फुसाच्या रोगांतही येतो आणि श्वसनमार्गाच्या संसर्गांतही, म्हणून त्याला दोन्हीकडे जागा आहे. मी कॉलेजात डेटा स्ट्रक्चर शिकताना पोराला एकच बाप असलेलं झाड शिकलो होतो. शरीर त्या नियमात बसत नाही.

जानेवारी १९६४ मध्ये ही सगळी व्यवस्था 'मेडलार्स' नावाने कॉम्प्युटरवर गेली. तेव्हा डॉक्टरने प्रश्न लिहून पाठवायचा, ग्रंथालयातल्या तज्ज्ञाने तो मेशच्या शब्दांत बसवायचा, मग मॅग्नेटिक टेपवरून शोध चालायचा आणि उत्तर पोस्टाने जायचं. १९७१ मध्ये 'मेडलाइन' आलं आणि टेलिफोनच्या तारेवरून शोध घेता येऊ लागला. २६ जून १९९७ रोजी 'पबमेड' सगळ्या जगासाठी फुकट खुलं झालं. आज तुम्ही एसटीत बसून मोबाइलवर जो शोध घेऊ शकता, तो घ्यायला बिलिंग्जला सहा महिने लागले होते.

जे यादीत नव्हतं

बिलिंग्जने आणखी एक मोठं काम केलं होतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळाचा आराखडा त्याचा. ते १८८९ मध्ये सुरू झालं.

त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये २००१ साली दम्यावर एक संशोधन चाललं होतं. निरोगी फुप्फुसं स्वतःला कशी सांभाळतात ते बघायचं होतं. त्यासाठी निरोगी स्वयंसेवकांना हेक्सामेथोनियम हे औषध श्वासावाटे दिलं गेलं. २४ वर्षांच्या एका स्वयंसेविकेने ते ४ मे रोजी घेतलं. तिची फुप्फुसं निकामी होत गेली आणि २ जूनला ती गेली.

हे औषध १९५० च्या दशकात रक्तदाबावर वापरलं जायचं आणि त्याने फुप्फुसांना इजा होते असे लेख तेव्हाच छापले गेले होते. संशोधकाने पबमेडवर शोध घेतला होता. पण त्या वेळी पबमेडमधल्या नोंदी १९६६ पासून सुरू व्हायच्या. आधीचे लेख इंडेक्स मेडिकसच्या छापील खंडांत होते, ग्रंथालयाच्या कपाटांत. बिलिंग्जने सुरू केलेली सूची बिलिंग्जने आखलेल्या इस्पितळात कुणी उघडली नाही.

हा एकच दोष होता असं नाही. चौकशीत परवानगीपासून संमतीपत्रापर्यंत इतर त्रुटीही निघाल्या. तरी माझ्यासारख्या माणसाला या घटनेतलं एक वाक्य सोडत नाही: 'शोधलं, पण काही सापडलं नाही.' आम्ही स्क्रीनवर किती सहज लिहितो, 'नो रिझल्ट्स फाउंड'. वाचणारा त्याचा अर्थ घेतो की असं काही अस्तित्वातच नाही. पुढे ग्रंथालयाने जुन्या नोंदीही आत आणल्या आणि आज पबमेडमध्ये १९४६ पासूनचे लेख सापडतात. जुन्या काळचे शब्द आजच्या मेशशी एकेक करून जुळवावे लागले.

जुनं नाव टाकायचं कसं?

नावं बदलण्यामागे नेहमी विज्ञानच असतं असं नाही. डाउन सिंड्रोमला पूर्वी 'मंगोलिझम' म्हणत. एका अख्ख्या जनतेचं नाव आजाराला चिकटवणं चूक आहे, असं काही शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये 'लॅन्सेट'ला कळवलं आणि १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द सोडला. नव्या आजाराचं नाव आता बरंच जपून ठेवलं जातं. 'कोविड-१९' हे नाव ११ फेब्रुवारी २०२० रोजी जाहीर झालं. त्यात गाव नाही, देश नाही, प्राणी नाही.

आपल्याकडे बघा. कुष्ठरोगाला 'महारोग' म्हणायचे. बाबा आमटेंनी १९४९ मध्ये स्थापलेल्या संस्थेच्या नावात तो शब्द आहे: महारोगी सेवा समिती. आज कुणी पेशंटला महारोगी म्हणू नये. पण उद्या या कामाचा इतिहास शोधणाऱ्याने फक्त 'कुष्ठरोग' टाकलं, तर त्याला ती संस्था सापडेल का? सूची करणाऱ्यापुढे हा पेच कायम असतो. दुखावणारा शब्द पाटीवरून काढायचा, पण पुसून टाकायचा नाही. पुसला तर त्या शब्दात नोंदलेली माणसंही हरवतात. म्हणून तो दाराशी ठेवायचा: इकडून आलात तरी चालेल, आत मात्र याला आता असं म्हणतात.

२०२२ पासून मेडलाइनच्या लेखांना शीर्षकं लावायचं काम मुख्यतः प्रोग्रॅम करतो आणि माणसं त्यावर नजर ठेवतात. शब्द कोणता लावायचा हे मशीन शिकलं आहे. यादीत कोणता शब्द हवा, आणि त्यात काय धरायचं, हे अजून माणसंच ठरवतात.

परत तीच कार्डं

माझं काम कसं झालं ते सांगून थांबतो. मी हुशारी करून सगळे शब्द समानार्थी ठरवले. एपिलेप्सी, सीझर, फिट्स, कन्व्हल्शन्स, आकडी, सगळे एका रांगेत. शोध घेतला, भरपूर कार्डं आली. मी खुशीत मॅडमना दाखवलं.

त्यांनी तिसरंच कार्ड उघडलं. दीड वर्षांचं पोर, तापात एकदा आकडी आलेली.

"याला एपिलेप्सी नाही," त्या म्हणाल्या. "तापात आलेला झटका हा वेगळा प्रकार. झटका म्हणजे एक घटना. एपिलेप्सी म्हणजे आजार. काही कारण नसताना दोन झटके, चोवीस तासांहून जास्त अंतराने, किंवा एकच झटका पण पुन्हा येण्याची शक्यता खूप, तेव्हा आम्ही एपिलेप्सी म्हणतो. या पोराच्या आईला तुमचा स्क्रीन दिसला तर ती काय समजेल?"

मी मेश उघडून पाहिलं. झटके वेगळे, एपिलेप्सी वेगळी, तापातले झटके वेगळे. तीन शीर्षकं, प्रत्येकाखाली व्याख्या. मॅडमनी जे मला पाच मिनिटांत सांगितलं ते तिथे आधीपासून लिहून ठेवलेलं होतं.

मग आम्ही दोन दुपारी बसून तक्ता केला. मॅडम, रेकॉर्ड रूममधल्या एक ताई आणि मी. 'आकडी' आणि 'फिट्स' हे शब्द 'झटके' या शीर्षकाखाली गेले. 'मिरगी' आणि 'अपस्मार' एपिलेप्सीखाली. 'एसडी' असेल तिथे माणसाने कार्ड उघडून बघायचं, असं ठरलं.

ताईंनी विचारलं, "आणि फेफरं?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "आमच्या गावात तरी एपिलेप्सीलाच म्हणतात. पुन्हा पुन्हा येतं, त्याला फेफरं."

ताईंनी तक्त्यात लिहून घेतलं.